सोहोनी डॉक्टरांचा टब

डब्लिनच्या डून लेरी स्टेशनपासून चार मिनिटांवर सोहोनी डॉक्टरांचा फ्लॅट आहे. त्या फ्लॅटमध्ये एक जून ते तीस नोव्हेंबर आंघोळ करता येत नाही. टब भरलेला असतो. काठोकाठ, गार पाण्याने. आठवड्यातून एकदा तो रिकामा होतो, घासला जातो आणि पुन्हा भरला जातो. काठावर एक तांब्या, दोन मेणबत्त्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी. मी पहिल्यांदा हात धुवायला आत गेलो आणि ते दृश्य बघून तसाच मागे फिरलो. मला वाटलं, घरात काहीतरी विधी चाललाय आणि आपण चपला घालून शिरलो.

"वादळ आलं की पहिलं काय जातं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी नववीत शाळा सोडलेला माणूस. कुणी एकदम प्रश्न विचारला की माझा तळहात अजून आपोआप पुढे होतो.

"छप्पर?"

"पाणी! आधी नळाचं पाणी जातं, मग वीज जाते, छप्पर शेवटी. लिहून घे."

मी मोबाईलमध्ये लिहून घेतलं. पाणी, वीज, छप्पर. अजून आहे ते.

आता हे आयर्लंड. इथे पाणी जात नाही, येतं. वरून येतं, बाजूने येतं आणि छत्री उघडलीच तर खालूनही येतं. पण इथे येण्याआधी डॉक्टर अकरा वर्षं कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर सरकारी इस्पितळात होते, आणि तिथे जून ते नोव्हेंबर हा वादळांचा सीझन. बेट सोडून त्यांना चौदा वर्षं झाली होती. वादळं तिथेच राहिली, सीझन मात्र डॉक्टरांच्या सामानातून इकडे आला.

बेटाचं नाव ते सांगत नसत. "नाव सांगितलं की लोक फोन काढतात आणि मलाच माझ्या बेटाची माहिती वाचून दाखवतात." नुसतं 'आमचं बेट' म्हणायचे. सुरुवातीला एकदोघांनी त्यांना आठवण करून दिली की डॉक्टर, आयर्लंड हेही बेटच आहे. पेशंटने स्वतःच स्वतःचं निदान करून आणलं की डॉक्टर लोक ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने त्यांनी बघितलं. "हे? हा पाण्यात विसरून राहिलेला जमिनीचा तुकडा आहे."

शेजारी पॅट म्हणून निवृत्त पोस्टमन राहतात. त्यांनी एकदा मला जिन्यात गाठलं आणि हळूच विचारलं, की डॉक्टर रोज सकाळी टॉवेल घेऊन पोहण्याच्या तलावावर जातात आणि न पोहता परत येतात, हे तुमच्या धर्मात असतं का? मी टबाचं सांगितलं, आंघोळ ते तलावावरच्या नळाखाली उरकून येतात. पॅटनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली. "युवर मॅन इज ग्रँड," ते शेवटी म्हणाले. इथे माणूस हाताबाहेर गेलाय हे प्रेमाने सांगायचं असलं की ग्रँड म्हणतात.

टबानंतर डिशवॉशर. त्यात डॉक्टरांनी आजवर एकही बशी ठेवलेली नाही. त्यात त्यांची कागदपत्रं असायची. पासपोर्ट, डिग्र्या, फ्लॅटचे कागद. ज्या यंत्रातलं पाणी बाहेर येत नाही, त्यात बाहेरचं पाणी आत जाणार नाही, हे त्यांचं शास्त्र. बेटावर सगळे असंच करतात म्हणे. एकदा त्यांच्या घरी जेवण होतं, तेव्हा इथल्या मराठी मंडळातल्या एका वहिनींनी मदत म्हणून खरकट्या ताटल्या उचलल्या आणि डिशवॉशरचं दार उघडलं. डॉक्टर बाहेरच्या खोलीतून धावत आले. "थांबा! माझी एमडी आहे आत!" त्या वहिनी अजून त्या घरात पाणीसुद्धा पीत नाहीत.

मी या माणसाला कसा चिकटलो ते सांगतो. कराडला मामाच्या खानावळीत मी शाळा सोडून भाकऱ्या थापायला लागलो. पुढे लग्न झालं. बायको, शुभांगी, नर्स. तिला इथल्या सरकारी इस्पितळात नोकरी लागली आणि तिच्या मागून मी आलो. सरकारी कागदावर माझं वर्णन एका शब्दात आहे, डिपेंडंट. मला तो शब्द पटला. मी या देशाचा आभारी आहे, शुभांगीचा आहे, लुआस ट्रामच्या ड्रायव्हरचा आहे. डबा रिकामा परत आला तरी मी आभारी असतो.

कारण शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिटीवेस्टच्या आमच्या किचनमध्ये मी डबे करतो. धंदा माझा, परवाना माझ्या नावावर, तेव्हा कागदपत्रंही मीच बघणार, असं मी शुभांगीला पहिल्याच दिवशी छाती पुढे काढून सांगून बसलो. ती बारा तास उभी राहून घरी येते. तिच्यापुढे पाकिटं धरायची मला लाज वाटायची. आणि मला इंग्रजी पत्र वाचता येत नव्हतं. अक्षरं येत होती. पण सरकारी वाक्य सुरू झालं की ते संपायच्या आत माझा दम संपायचा.

आयर्लंडच्या सरकारी पाकिटावर वीणेचं चित्र असतं, इथे तिला हार्प म्हणतात. सरस्वतीशी माझं नववीतच बिनसलेलं, त्यामुळे दारात वीणा दिसली की मी पाकीट पालथं करून ठेवायचो. आता आपल्याला परत पाठवणार, धंदा बंद करणार, आपल्यापायी शुभांगीची नोकरीही जाणार, एवढं सगळं मी पाकीट न उघडताच वाचून मोकळा व्हायचो.

डॉक्टरांची ओळख गणपतीच्या जेवणात झाली. स्वयंपाक माझा होता. मीठ कमी आहे हे सांगायला डॉक्टर आत आले, तेव्हा मी एक न उघडलेलं पाकीट हातात घेऊन नुसता उभा होतो. त्यांनी ते काढून घेतलं, उघडलं, वाचलं. "काही नाही," म्हणाले. "मंगळवारी डबा घेऊन ये माझ्याकडे. मीठ घालून."

तेव्हापासून बॉल्सब्रिजच्या ऑफिसांतले डबे वाटून झाले की मी डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, पुढे डून लेरीला जायचो. शुभांगी म्हणायची, "अहो, एका डब्यासाठी एवढ्या लांब?" मी म्हणायचो, "म्हातारा माणूस आहे, एकटा आहे." खरं म्हणजे तो म्हातारा माणूस माझी पत्रं वाचायचा. एकटे मात्र ते होतेच. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायचे, दूध आणायचं राहून जातं तसं.

डॉक्टर बटर लावायच्या सुरीने पाकीट उघडायचे, मनातल्या मनात वाचायचे, मधूनच 'हं' करायचे. तो 'हं' ऐकताना ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकांचं दुःख मला कळलं. शेवटी कागद खाली ठेवून म्हणायचे, "काही नाही. पत्ता बरोबर आहे का, एवढंच विचारतायत." उत्तर स्वतः लिहायचे, मी सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारायचे.

फी एकच होती. पत्र झालं की ते खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "आमच्या बेटावर..." डॉक्टर भूलतज्ज्ञ. सुई न टोचता माणूस कसा निजवतात ते मी तिथे दर मंगळवारी पाहिलं, म्हणजे डोळा लागेपर्यंत पाहिलं.

त्या बेटावर काय नव्हतं! समुद्र निळा, ऊन पिवळं, माणसं मोकळी. दुकानात शिरलं की आधी गुड मॉर्निंग म्हणायचं. "नाही म्हटलंस तर तुला साखरसुद्धा मिळणार नाही, दत्तोबा. बघणारसुद्धा नाहीत तुझ्याकडे. मी पहिले दोन दिवस बिस्किटांवर काढले." बसमध्ये चढलं तरी सगळ्या बसला गुड मॉर्निंग. ही रीत त्यांनी डार्टमध्ये आणली. सकाळच्या गाडीत माणसं मांडीला मांडी लावून बसतात पण नजरेला नजर देत नाहीत, तिथे डॉक्टर दारात उभे राहून खड्या आवाजात "गुड मॉर्निंग!" म्हणायचे. दोन म्हाताऱ्या "मॉर्निंग, लव्ह" म्हणायच्या. बाकीचे, तिकीट तपासनीस आल्यासारखे, खिडकीबाहेर बघायचे. मी अशा वेळी पाच सीट सोडून बसायचो. माणूस उपकाराचा होता, पण गाडी सगळ्यांची होती.

इथल्या पावसावर त्यांचा विशेष राग. आयर्लंडमध्ये एक पाऊस असा आहे की तो पडत नाही, नुसता हवेत उभा असतो. थेंब दिसत नाही, आवाज नाही, दहा मिनिटांनी बघावं तर आपण ओले. अशा दिवशी पॅट दारात उभे राहून कौतुकाने म्हणायचे, "सॉफ्ट डे, थँक गॉड."

"मऊ!" डॉक्टर भडकायचे. "पावसाला कुणी मऊ म्हणतं? हा पाऊस नव्हे, दत्तोबा, हे आभाळाचं नाक गळतंय. पाऊस बघावा आमच्या बेटावर. पत्र्यावर आला की समोरासमोर बसलेल्या माणसांना एकमेकांचं ऐकू यायचं नाही. भांडणं थांबायची. सिस्टर खुणा करून औषध विचारायच्या. बिनआवाजाचा पाऊस म्हणजे..." इथे ते उपमा शोधायचे. "म्हणजे तुझी आमटी."

माझी आमटी, माझी उसळ, माझं सगळंच. बेटावर त्यांच्याकडे मिस आयव्ही नावाच्या बाई स्वयंपाकाला होत्या. मिस आयव्हींचं माशाचं कालवण, मिस आयव्हींचे नीरफणसाचे काप. तीन वर्षांत डॉक्टर माझ्या डब्याला एकदाही चांगला म्हणाले नाहीत. 'बरा होता' हा कळस. मीठ एकतर कमी असायचं, नाहीतर "आज बरोबर पडलंय, चुकून." त्या मिस आयव्हींना मी डार्टमध्ये बसून अशा काही शिव्या घातल्या आहेत की उचक्या लागून बाई बेजार झाल्या असतील.

मंडळात डॉक्टरांना 'बेटवाले' म्हणत. दर महिन्याच्या भेटीत कुणीतरी वैतागलेलं असायचंच. कुणी घरांवरून, कुणी हिवाळ्यात चारला पडणाऱ्या अंधारावरून. डॉक्टर तिथे हजर. "सोडा हे. बेटावर जा." निघणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे सूचना तयार होत्या. कुकरच्या चार रिंगा न्या, खाऱ्या हवेत रबर टिकत नाही. लोखंडी कढई नेऊ नका. चामड्याचे बूट न्या, पण त्यांचा लळा लावून घेऊ नका, बुरशी येते. पहिले सहा महिने कुठल्याही कामाला 'आज होईल का' असं विचारू नका, तिथे तो अपमान समजतात. लोक मन लावून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "तिथे पार्किंगचं कसं आहे?" एकाने तर विचारलं, तिथून पुण्याला थेट विमान आहे का? डब्लिनमधून नाही म्हणून त्याची तक्रार नव्हती, पण बेटावरून हवं होतं. एकही माणूस गेला नाही. सिटीवेस्टच्या तीन घरांत मात्र चार-चार रिंगा पडून आहेत. त्यातलं एक घर माझं.

"तुम्हीच का नाही जात?" असं डॉक्टरांना विचारायची सोय नव्हती, कारण ते जातच होते. रिटायर झाल्यापासून सारखे निघत होते.

पहिल्या निरोपाला मंडळाने शाल, नारळ आणि भाषणं दिली. बेटावर निघालेल्या माणसाला नारळ द्यायचं मंडळालाच सुचू शकतं. अध्यक्ष रडले. रांगेत माझा नंबर आला तेव्हा मी वाकून नमस्कार केला आणि वर येताना पुटपुटलो, "डॉक्टर, एक वीणा आलीये."

"आत्ता?" डॉक्टर म्हणाले. गळ्यात हार होता.

पुढच्या मंगळवारी मी डून लेरीला गेलो तर डॉक्टर घरात. "एप्रिल संपत आला," ते म्हणाले. "आता सीझन लागेल. जीव द्यायला जाऊ का मी तिकडे? आण ते पाकीट."

दुसरा निरोप डिसेंबरात. पुन्हा शाल, भाषणं थोडक्यात. त्या वेळी माझ्या परवान्याचं काहीतरी अडकलं होतं आणि डॉक्टरांचा गुडघा धरला होता. गेले नाहीत. तिसऱ्या वेळी अध्यक्षांनी निरोप पाठवला की आधीच्या शालींपैकी एक घेऊन या, फोटोपुरती. डॉक्टर दोन्ही घेऊन गेले. आणि तरीही गेले नाहीत.

सगळं मंडळ हसायचं. मीही हसायचो, सगळ्यांत मोठ्याने, कारण मला आतून हायसं वाटायचं. हा माणूस खरंच गेला तर माझी पत्रं कोण वाचणार, हाच एक प्रश्न मी तिन्ही समारंभांत भाषणं ऐकताना स्वतःला विचारत बसलो होतो.

मग गेल्या फेब्रुवारीत ते पाकीट आलं. जाड. वीणाही नेहमीपेक्षा मोठी वाटली. माझ्या राहण्याच्या परवानगीचं कार्ड नव्याने करायला गेलं होतं, त्याचं हे उत्तर. चार दिवस ते मी किचनच्या प्रेसमध्ये तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि दाबायला ते बरं पडतं. चार दिवसांत मी मनातल्या मनात कराडला परत गेलो, मामाच्या मुलाच्या हाताखाली लागलो, शुभांगी इकडे, मी तिकडे, इथपर्यंत येऊन पोचलो. मंगळवारी पाकीट डॉक्टरांपुढे ठेवलं.

"चष्मा सापडत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "तूच वाच."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"डॉक्टर, तुमच्या नाकावर..."

"तो लांबचा. वाच. मोठ्याने."

मी सुरीने पाकीट उघडलं. 'डिअर मिस्टर' एवढं वाचून मी थांबलो.

"पुढे."

पुढे गेलो. शब्द अडला की ते सांगायचे नाहीत, नुसते थांबायचे. एक शब्द मी तीनदा चुकलो. ते खिडकीबाहेर बघत राहिले. बेटाबद्दल चकार शब्द नाही. तीन वर्षांत तो पहिला मंगळवार, जेव्हा मला बेट हवं होतं आणि ते मिळालं नाही.

"काय लिहिलंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी कागदाकडे पुन्हा बघितलं. "आमच्या लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स पुसट आलीये."

"मग?"

"दुसरी पाठवा म्हणतात."

"मग काय करणार?"

"पाठवतो."

"तसं लिही."

चार ओळी लिहायला मला एक तास लागला. त्यांनी पेन्सिलीची फुलीसुद्धा मारून दिली नाही. मला खरं तर हलकं वाटायला हवं होतं, पण राग आला. तीन वर्षं याचं बेट ऐकलं, तीन वर्षं मीठ कमी ऐकलं, आणि ऐन वेळी हा माणूस चष्मा नाकावर ठेवून आंधळा झाला. परतताना डार्टमध्ये मी त्यांना मिस आयव्हींच्या पंगतीला बसवून शिव्या वाढल्या.

एप्रिलच्या अखेरीस नवं कार्ड आलं. दाखवायला नेलं. डॉक्टरांनी ते उलटसुलट बघितलं. "फोटोत घाबरलेला दिसतोस," म्हणाले. आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी तिकीट काढलं.

या वेळी मंडळाने निरोप दिला नाही. त्यामुळे ते गेले.

विमानतळावर मी एकटाच होतो. दोन बॅगा, कुकरच्या रिंगा, दोन्ही शाली, आणि डिशवॉशरमधून निघालेली कागदपत्रं छातीशी. फ्लॅट विकायचा म्हणत होते, पण किल्ली माझ्या हातात दिली. "पोस्ट बघत जा. आणि एक जूनला..."

"टब," मी म्हणालो.

"लिहून घे."

मी लिहून घेतलं. वाटेत खायला डबा दिला होता. तो त्यांनी रांगेतच उघडला आणि बोट घालून चव घेतली. "मीठ कमी आहे," म्हणाले, आणि मागे न बघता आत गेले.

घरी येऊन मी शुभांगीला सगळं सांगून टाकलं. वीणा, तांदळाचा डबा, झेरॉक्स, सगळं. ती पेशंटचं ऐकतात तसं शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"म्हणजे ते इतके दिवस तुमच्यासाठी थांबले होते?"

"छे," मी म्हणालो. "वादळांच्या सीझनसाठी."

"अहो, मे महिन्यात गेले ते. सीझनच्या तोंडावर."

मी भांडी घासायला घेतली.

आता मी मंगळवारी डून लेरीला रिकाम्या फ्लॅटमध्ये जातो. टब रिकामा करतो, घासतो, भरतो. पाच वाजता डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल येतो, तिथे दुपारचे बारा. ते पत्र्याच्या पडवीत बसलेले असतात. मागे समुद्र असतो, इतका निळा की मला आधी वाटलं फोन बिघडलाय.

"टब?"

"भरलाय."

"पोस्ट?"

मी पाकीट कॅमेऱ्यापुढे धरतो.

"चष्मा सापडत नाही रे. तूच वाच."

चष्मा नाकावर असतो. मी वाचतो. पेन्शनचं पत्र वाचतो, वाचनालयाचं वाचतो, कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक वाचतो. परवा वीणा असलेलं एक पाकीट होतं. ते मी सुरीने उघडलं, आधी मनातल्या मनात वाचलं, 'हं' केलं आणि सांगितलं, "काही नाही. पत्ता बरोबर आहे का, एवढंच विचारतायत." पोस्ट संपली की पिझ्झ्याच्या जाहिराती वाचतो.

"दोन घेतले तर काय?" डॉक्टर विचारतात.

"तिसरा फुकट."

"बघ! इथे असलं काही नाही. आमच्या डब्लिनमध्ये..."

परवाच्या कॉलवर एवढं म्हणाले आणि मागून एका बाईचा हात आला. फोन ओढला गेला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, चांगल्या भरभक्कम मिस आयव्ही.

"तो डाळवाला तूच का?" त्यांनी इंग्रजीत दरडावून विचारलं. "या माणसाने माझं डोकं उठवलंय. डब्लिनची डाळ अशी, डब्लिनचं मीठ बरोबर. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणतो, डब्लिनमध्ये म्हणतात म्हणे. आता आमच्या बसमधली चार शहाणी माणसंही म्हणायला लागलीत. मागच्या वेळी अकरा वर्षं नुसतं पूना, पूना. आता हे. काय घालतोस रे त्या डाळीत?"

"आमसूल," मी कसाबसा म्हणालो. "आणि थोडा गूळ."

"गूळ!" त्या डॉक्टरांवर ओरडल्या. "हे आधी सांगायला काय झालं होतं?" आणि आत निघून गेल्या. तीन वर्षांच्या शिव्या मी तिथल्या तिथे परत घेतल्या.

डॉक्टरांनी फोन उचलला. कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. "ती वाढवून सांगते. डाळ बरी असायची."

"आणि पूना?"

"पुण्यात होतो तेव्हा मिरजेबद्दल बोलायचो."

"आणि मिरजेत?"

"मिरजेत गप्प असायचो," डॉक्टर म्हणाले. "तिथे घरात माणसं होती."

तेवढ्यात तिकडे पाऊस आला. पत्र्यावर. फोनमधून नुसता धडधडाट. त्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. त्यांनी हाताने 'थांब' अशी खूण केली. मी थांबलो. ते तिकडे बसून राहिले, मी इकडे. पाऊस ओसरल्यावर ते म्हणाले, "इथे फार आवाज होतो रे."

मी वाचलेली पाकिटं एकावर एक रचून ठेवली.

"तिकडे आहे का?"

मी खिडकीकडे बघितलं. बंदर दिसत नव्हतं. खाली पॅट दारात उभे राहून कौतुकाने ओले होत होते.

"आहे."

"कसला? मऊ?"

"मऊ."

"फोन बाहेर धर जरा."

मी खिडकी उघडली आणि फोन धरून हात बाहेर काढला. बाही हळूहळू ओली व्हायला लागली. बराच वेळ गेला.

"काही ऐकू येत नाही," डॉक्टरांचा आवाज आला.

"त्याला आवाज नसतो, डॉक्टर."

"नसतो ना?" ते म्हणाले. "धर. धरून ठेव अजून थोडा वेळ."